पहिल्या दिवसाचं रक्त फेकू नका: ठाणे-नवी मुंबईच्या औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य खात्याला खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय
मा. जिल्हाधिकारी, ठाणे
मा. आरोग्य अधिकारी, ठाणे आणि नवी मुंबई महानगरपालिका
आणि टीटीसी (ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा), वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसीतले सगळे कंपनी डॉक्टर

साहेब, मॅडम, नमस्कार.

आधी मागणी सांगून टाकते, म्हणजे पूर्ण पत्र वाचायला वेळ नसेल तरी चालेल. पुढच्या वेळी आपल्या पट्ट्यात एखादा रिॲक्टर किंवा बॉयलर फुटला (पुढच्या वेळी म्हणतेय कारण आता काही फुटणार नाही असं तुमच्यातलं कोणी लिहून देणार नाही) तर त्या शेडमधून जी माणसं स्वतःच्या पायांनी चालत बाहेर येतील त्यांचं त्याच दिवशी दोन ट्यूब रक्त घ्या, प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा पातळ भाग) वेगळा काढा आणि डीप फ्रीजरमध्ये ठेवून द्या. टेस्ट लगेच करा असं मी म्हणत नाहीये. नुसतं ठेवा.

आता का, ते सांगते, आणि ते जरा लांबणार आहे.

मी ऐरोलीत राहते आणि इथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही. पण दिवसभर हातात लोकांचं रक्तच असतं, त्यामुळे त्यातलं काय टिकतं, काय दोन तासांत बिघडतं आणि काय आपण फुकट घालवतो हे मला रोज दिसतं.

डोंबिवली आठवत असेलच. २६ मे २०१६ ला तिथल्या एमआयडीसीच्या फेज टूमध्ये स्फोट झाला, १२ माणसं गेली, दीडशेहून जास्त जखमी. मग २३ मे २०२४, परत मे महिना, परत फेज टू, परत दहाहून जास्त माणसं गेली आणि काही जणांची ओळख पटवायला डीएनए करावा लागला. दोन्ही वेळा टीव्हीवर काय दाखवलं तर काचा. कुठल्या सोसायटीच्या काचा फुटल्या, कुठल्या शोरूमच्या फुटल्या, किती किलोमीटरवर हादरा बसला. आणि प्रत्येक बातमीत खाली एक ओळ असतेच, किरकोळ जखमींना प्राथमिक उपचार करून घरी सोडण्यात आलं. माझं सगळं पत्र त्या ओळीतल्या माणसांबद्दल आहे.

स्फोटात माणसाला चार तऱ्हेने लागतं असं ट्रॉमावाले डॉक्टर सांगतात. एक, नुसती दाबाची लाट. दोन, उडालेले तुकडे आणि काच. तीन, माणूस स्वतः उडून कशावर तरी आपटतो ते. चार, भाजणं, धूर, गॅस वगैरे बाकीचं सगळं. दोन, तीन आणि चार डोळ्यांना दिसतं, टाके घालता येतात, ड्रेसिंग करता येतं. पहिलं दिसत नाही. दाबाची लाट काही मिलिसेकंदांत अंगातून आरपार जाते, कवटी तिला अडवत नाही, आणि मेंदूत जिथे दोन वेगवेगळ्या घनतेचे भाग एकमेकांना चिकटलेत, म्हणजे करडा भाग आणि पांढरा भाग, किंवा मेंदू आणि त्याच्या भोवतीचं पाणी, किंवा रक्तवाहिनीची कड, तिथे ताण बसतो. बंद शेडमध्ये तर ती भिंतीवर आपटून परत फिरते आणि एकाच माणसाला दोन-तीनदा लागते. मोकळ्या मैदानातला तीस फुटांवरचा माणूस आणि पत्र्याच्या शेडमधला तीस फुटांवरचा माणूस ही एकच केस नाही, हे तुमच्या पंचनाम्यात कधी येतं का मला माहीत नाही, पण यायला पाहिजे.

काचांबद्दल एक सांगते, कारण हे वाचून उद्या सगळी डोंबिवली रक्त द्यायला लाइन लावेल. खिडकीची काच फुटायला फार थोडा दाब पुरतो, एका पीएसआयपेक्षाही (पीएसआय हे दाब मोजायचं एकक) बराच कमी. कानाचा पडदा फाटायला साधारण पाच पीएसआय लागतात. अमेरिकन लष्कर आपल्या ट्रेनिंगमध्ये चार पीएसआयची मर्यादा धरत आलंय. म्हणजे दोन किलोमीटरवर काच फुटली म्हणून मेंदूला लागलं असं नाही, उगाच कोणी घाबरू नका. मी बोलतेय ती शेडमधल्या, शेजारच्या शेडमधल्या आणि कंपाउंडमधल्या माणसांबद्दल. आणि कानाचा पडदा शाबूत आहे म्हणजे आत काही झालंच नाही हापण भरवशाचा नियम नाही, हे कंपनी डॉक्टरांसाठी.

आता घरचं. माझे दीर टीटीसीतल्या एका केमिकल युनिटमध्ये ऑपरेटर होते. कंपनीचं नाव घेत नाही. काही वर्षांपूर्वी रात्रपाळीत एका व्हेसलचं झाकण उडालं. कोणी दगावलं नाही त्यामुळे पेपरात चारच ओळी आल्या. भावजी पार्टिशनच्या आड होते, ढकलले गेले, कपाळाला दोन टाके पडले. हॉस्पिटलमध्ये सीटी केला, नॉर्मल. सकाळी घरी आले, आम्ही देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर जे सुरू झालं ते कुठल्याच रिपोर्टमध्ये बसेना. डोकं दुखतंय, झोप नाही, ट्यूबलाइट लावली की चिडायचे, कुकरची शिट्टी होणार असं वाटलं की गॅलरीत जाऊन उभे राहायचे, आणि हे सगळं त्या माणसाचं ज्याने आयुष्य ब्लोअरच्या आवाजात काढलं. पण कामावर गेल्यावर खरं कळलं. बॅच शीट असते ना, दर अर्ध्या तासाला टेम्परेचर, प्रेशर, आरपीएम लिहायचं आणि सही करायची, ती ते इतकी वर्षं न बघता भरायचे. आता एकाच रकान्यात दोनदा रीडिंग, पुढचा रकाना कोरा, आणि सही मात्र तिन्हीवर. सुपरवायझरने त्या शीटचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मग पॅकिंगला टाकलं, ओव्हरटाइम गेला. कंपनी डॉक्टर म्हणाले घाबरलाय तो, झोपेची गोळी देतो. घाबरलेही असतील हो, मी नाही म्हणतच नाही, जो माणूस मरता मरता वाचला तो घाबरेल नाहीतर काय करेल. पण भीती आणि मेंदूची इजा या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, लक्षणंपण बरीचशी तीच, आणि दोन्हीतलं काय किती आहे हे नुसतं समोर बसवून विचारून कळत नाही.

आणि माझ्या डोक्यातून जात नाही ते हे, की त्या रात्री हॉस्पिटलने त्यांचं रक्त घेतलं होतं. सीबीसी, शुगर, क्रिएटिनिन. म्हणजे जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब (आतल्या ईडीटीएमुळे रक्त गोठत नाही) भरली होती. सीबीसीला त्यातलं लागतं किती, मशीन सुई बुडवून काही मायक्रोलिटर खेचतं, बाकीची ट्यूब भरलेलीच रॅकमध्ये उभी राहते, मग दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये, कोणी रिपीट मागितलं तर म्हणून, आणि मग बायोमेडिकल वेस्टच्या गाडीत. भावजींच्या बाबतीत पुरावा असलाच तर तो त्या ट्यूबमध्ये होता आणि तो नियमाप्रमाणे, कोणाचीही चूक नसताना, फेकला गेला.

पुरावा कसला ते सांगते. हार्ट अटॅकचा संशय आला की आपण ट्रोपोनिन करतो, कारण हृदयाच्या स्नायूला इजा झाली की आतलं प्रोटीन रक्तात येतं. मेंदूचंही तसंच आहे, फक्त हे कळायला आणि मोजायला फार उशीर लागला कारण मेंदूतून रक्तात येणारं प्रमाण अगदीच नगण्य असतं. जीएफएपी नावाचं प्रोटीन आहे, ते ॲस्ट्रोसाइट म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या सांगाड्यात असतं. इजा झाली की तासाभरात रक्तात दिसायला लागतं, साधारण २० तासांनी सगळ्यात जास्त असतं आणि आठवडाभर थोडंफार सापडतं. दुसरं यूसीएच-एल१, हे मुख्यतः न्यूरॉनमधलं, ते आठ तासांच्या आसपास वर जातं आणि दोन दिवसांत उतरतं. तिसरं न्यूरोफिलामेंट लाइट, एनएफएल म्हणतात, हे न्यूरॉनच्या लांब धाग्यांमधलं, हे उलट निवांत येतं, दिवस-आठवड्यांनी चढतं आणि महिनोन्महिने राहू शकतं. एस१००बी नावाचं जुनं एक आहे, स्कँडिनेव्हियातल्या डॉक्टरांनी २०१३ च्या गाइडलाइनमध्ये पहिल्या सहा तासांसाठी ते घेतलं, पण ते चरबी आणि कुर्चेतूनही येतं त्यामुळे हातपाय मोडलेल्या माणसात गोंधळ घालतं, आणि स्फोटातल्या माणसाचं नुसतं डोकंच कुठे लागलेलं असतं.

हे संशोधनातच अडकलंय असंही नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधं आणि चाचण्यांना मंजुरी देणारं खातं) जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ची एकत्र रक्तचाचणी मंजूर केली, इजेनंतर १२ तासांच्या आत करायची. १,९४७ लोकांच्या सॅम्पलवर तपासली होती, सीटीवर काही दिसणार असेल तर ९७.५ टक्के वेळा आधीच सांगितलं, आणि काही दिसणार नाही असं सांगितलं तेव्हा ते ९९.६ टक्के वेळा खरं निघालं. मग एप्रिल २०२४ मध्ये अख्ख्या रक्तावर, बेडशेजारी हातातल्या मशीनवर, १५ मिनिटांत होणारी चाचणी आली, तिची मुदत २४ तास. सेंट्रीफ्यूजसुद्धा (रक्त गरागरा फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचं मशीन) लागत नाही.

आता इथे जरा थांबा, कारण हे वाचून एखाद्या नगरसेवकाला मशीन घेऊन उद्घाटन करावंसं वाटेल आणि मला तेच नकोय. ही चाचणी मेंदूला इजा झाली की नाही याचं हो-नाही उत्तर देत नाही. सीटीवर रक्तस्राव वगैरे दिसण्याची शक्यता आहे की नाही एवढंच सांगते, म्हणजे नको तो सीटी वाचवायला आहे. आणि ती तपासली गेली मुख्यतः अपघातात सापडलेल्या, पडलेल्या माणसांवर. नुसत्या दाबाच्या लाटेने मेंदूला काय झालं हे ठामपणे सांगेल अशी रक्तचाचणी आज मंजूर झालेली नाही. दरवाजे स्फोटकांनी उडवायचं ट्रेनिंग घेणाऱ्या सैनिकांचं रक्त स्फोटाआधी आणि नंतर घेऊन अभ्यास झालेत, कोणात मार्कर, म्हणजे ही इजा दाखवणारी प्रोटीनं, वर जातो, कोणात नाही, एकसारखं उत्तर निघत नाही. वर आपल्याकडचे स्फोट लष्करी बॉम्बसारखे नसतात. रिॲक्टर रनअवे होऊन, म्हणजे आतली रासायनिक क्रिया हाताबाहेर जाऊन, फुटतो किंवा सॉल्व्हंटची वाफ पेट घेते तेव्हा दाब बऱ्याचदा हळू चढतो, जास्त वेळ राहतो, आणि सोबत धूर, कार्बन मोनॉक्साइड, टोल्युइनसारखी केमिकल्स असतात जी स्वतःच डोकं बधिर करतात. अमेरिकन सैनिकाचा आकडा उचलून घणसोलीच्या ऑपरेटरला लावला तर ते शास्त्र होणार नाही.

मग एवढं सगळं अर्धवट असताना ट्यूब का ठेवायची? कारण चाचणी उद्या सुधारेल, पण त्या दिवसाचं रक्त उद्या मिळणार नाही. यूसीएच-एल१ दोन दिवसांत उतरतं म्हटलं ना, माणूस डोकं दुखतंय म्हणून तक्रार करेपर्यंत दोन आठवडे गेलेले असतात. आणि आपल्या प्रकारच्या स्फोटाचा अभ्यास अमेरिकन लष्कर आपल्याला करून देणार नाहीये. तो इथल्याच रक्तावर व्हायला पाहिजे, इथे निमहान्स आहे, एम्स आहे, आयसीएमआर आहे, करणारी माणसं आहेत. त्यांच्याकडे नाही ते फक्त पहिल्या बारा तासांतलं सॅम्पल.

सीटी नॉर्मल म्हणजे मेंदू नॉर्मल, हे तर आता धरून चालूच नका. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय या मेंदूच्या इजेवरच्या मोठ्या अभ्यासात सीटी नॉर्मल असलेल्या ४५० जणांचा नंतर एमआरआय केला तर १२० जणांमध्ये इजा दिसली, आणि पहिल्या २४ तासांत ज्यांचं जीएफएपी जास्त होतं त्यांच्यात दिसायचं प्रमाण जास्त होतं. हेही स्फोटवाले नव्हेत, साध्या अपघातातले. पण चारात एकापेक्षा जास्त. भावजींना सीटीचा कागद दाखवून 'फिट' म्हणून परत पाठवलं होतं.

स्फोटाच्या बाबतीत हा गोंधळ शंभर वर्षांहून जुना आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात शेल शॉकबद्दल, म्हणजे तोफगोळ्यांच्या स्फोटानंतर सैनिकांना होणाऱ्या त्रासाबद्दल, लिहिलं, तेव्हापासून वाद, की हे मनाचं की मेंदूचं, आणि मधल्या काळात किती सैनिकांना भित्रा ठरवलं त्याची गणती नाही. थेट २०१६ मध्ये डॅनियल पर्ल या पॅथॉलॉजिस्टने आणि त्यांच्या टीमने स्फोट झेललेल्या सैनिकांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले तेव्हा नेमक्या त्या जोडांवर, जिथे दोन घनतेचे भाग भेटतात, तिथे ॲस्ट्रोसाइटचे व्रण सापडले. एमआरआयमध्ये ते दिसत नाहीत. आणि ते व्रण सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते जीएफएपीलाच रंग देऊन, म्हणजे ज्या प्रोटीनबद्दल मी वर सांगितलं तेच. मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि ८ जानेवारी २०२०. इराणने इराकमधल्या अल-असद तळावर क्षेपणास्त्रं टाकली, अमेरिकेने आधी जाहीर केलं की आमचं कोणीही जखमी नाही. मग हळूहळू आकडा वाढत १०० च्या वर गेला, सगळे मेंदूच्या इजेचे, बरेचसे बंकरमध्ये बसलेले, वरून ठणठणीत दिसणारे. ज्यांच्या तळावर डॉक्टर आहेत, ज्यांच्याकडे या विषयासाठी वेगळं खातं आहे, त्यांना पहिल्या दिवशी कळलं नाही. तर रात्री दोन वाजता टीटीसीत ॲम्ब्युलन्स येते आणि कॅज्युअल्टीत एक आरएमओ (ड्युटीवरचा निवासी डॉक्टर) असतो, त्याला कसं कळणार. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या हातात काहीतरी द्यायला पाहिजे.

देण्यासारखं म्हणजे एक कागद आणि दोन ट्यूब. कागदावर एवढंच की स्फोट किती वाजता, माणूस कुठे उभा होता, मध्ये भिंत होती का, शेड बंद होती का, क्षणभर तरी शुद्ध गेली का, त्याला स्फोटाआधीचं आणि नंतरचं काय आठवतंय, कान वाजतायत का, उलटी, चक्कर, आणि धूर किती वेळ नाकातोंडात गेला. हे सकाळी विचारलं तर त्याला सगळं सांगता येत नाही, आठवड्याने विचारलं तर शेजाऱ्याने सांगितलेलं सांगतो. म्हणून त्याच रात्री लिहायचं. ट्यूब म्हणजे एक ईडीटीए, एक साधी सीरमची. तासाभरात स्पिन करायच्या, वरचा भाग पिपेटने छोट्या क्रायो व्हायलमध्ये तीन-चार भाग करून काढायचा, कारण एकच भाग ठेवला तर पहिल्याच टेस्टला तो वितळवावा लागतो आणि मग परत गोठवणं बरं नाही, लेबलवर नाव नाही कोड, आणि रक्त घेतल्याची वेळ मिनिटासकट. वेळ नसेल तर ते सॅम्पल कचरा समजा, कारण तीन तासांचं जीएफएपी आणि वीस तासांचं जीएफएपी यांचा अर्थ वेगळा होतो. मग मायनस ८० डिग्रीच्या फ्रीजरमध्ये. मायनस ८० चे फ्रीजर कुठून आणायचे विचाराल तर कोविडात आरटीपीसीआरसाठी लॅब उभ्या केल्या तेव्हा ते आलेत, आता त्यात काय ठेवलंय जरा उघडून बघा. तेही नसेल तर रक्तपेढीत प्लाझ्मा ठेवायचे डीप फ्रीजर असतातच, तात्पुरतं चालेल.

दोन आठवड्यांनी परत बोलवायचं आणि अजून एक ट्यूब घ्यायची, एनएफएलसाठी. इथे खरी अडचण येईल. कारण आपल्याकडे निम्मे लोक कॉन्ट्रॅक्टवर, स्फोट झाला की कंपनी बंद, रूमचं भाडं अंगावर, माणूस चार दिवसांत दरभंग्याला नाहीतर परभणीला. त्याला परत यायचं गाडीभाडं आणि त्या दिवसाचा रोज दिला तर येईल, नाहीतर नाही येणार, आणि का यावं. हे पैसे कोणी द्यायचे ते तुम्ही ठरवा, माझ्या मते ज्याची शेड फुटली त्याने.

अजून एक गोष्ट आहे जी जवळपास फुकट आहे. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत दरवर्षी कामगारांचं मेडिकल होतंच. व्हॅन येते, कँटीनमध्ये टेबलं मांडतात, बीपी, ऑडिओमेट्री, छातीचा एक्स-रे, फुंकर मारायची टेस्ट, आणि रक्त. आमच्यासारख्या लॅबकडेच ते रक्त येतं. त्या दिवशीचा एक छोटा भाग गोठवून ठेवला तर माणसाचं स्वतःचं बेसलाइन मिळतं. जीएफएपी आणि एनएफएल दोन्ही वयाप्रमाणे वाढतात, पंचावन्न वर्षांच्या फिटरचा आकडा आणि बावीस वर्षांच्या हेल्परचा आकडा एका पट्टीत बसत नाही, म्हणून स्वतःच्याच जुन्या आकड्याशी तुलना करणं केव्हाही चांगलं. सगळ्या कारखान्यांत जमणार नाही हे मला कळतं. मोठ्या, जास्त धोक्याच्या पाच-दहा युनिटपासून सुरुवात करा.

आता विश्वासाचा प्रश्न. मी हे आमच्या ओळखीतल्या काही ऑपरेटर लोकांना सांगितलं तर पहिला सवाल एकच, वहिनी, रिपोर्ट कंपनीला जाणार का? बरोबर विचारलं त्यांनी. मेंदूला इजा आहे असा कागद मॅनेजरच्या हातात पडला की अनफिट आणि गेट पास जमा. म्हणून सॅम्पल कंपनीच्या ताब्यात नको, कंपनीने पैसे दिलेल्या लॅबमध्येही नको (हो, म्हणजे आमच्याकडेही नको), ते पालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये राहू दे, कामगाराची लेखी संमती मराठीत आणि हिंदीत घेऊन, आणि त्याने नको म्हटलं तर नष्ट करायचं. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांत संमती आणि साठवलेल्या सॅम्पलबद्दल सगळं लिहिलेलं आहे, नवीन काही शोधायला नको. आणि स्फोटानंतरच्या गोंधळात, भाजलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून घेतलेली सही ही संमती धरू नका, रक्त घ्या, संमती दोन दिवसांनी शांतपणे परत विचारा.

एका डॉक्टरांनी मला विचारलं की याला ट्रीटमेंट काय आहे, नाही ना, मग टेस्ट कशाला. खास औषध नाही हे खरंय. पण करण्यासारखं बरंच आहे. थोडे दिवस आराम आणि मग टप्प्याटप्प्याने काम, झोप ठीक करणं, चक्कर असेल तर तोल सांभाळायचे व्यायाम, डोकेदुखीवर नीट इलाज, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेंदू सावरेपर्यंत त्या माणसाला परत उंचीवर, क्रेनवर किंवा रात्रपाळीच्या रिॲक्टरवर न चढवणं. भावजी ज्या अवस्थेत बॅच शीट भरत होते त्या अवस्थेत ते वाल्व्हपण फिरवत होते. पुढचा स्फोट टाळायचा असेल तरी ही माहिती सेफ्टी ऑफिसरला हवी, नाव न सांगता हवी, पण हवी.

आणि भरपाई. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली यादी आहे, अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. आठवण गेली तर किती, ते यादीत नाही. यादीबाहेरच्या इजेचे टक्के डॉक्टरने ठरवायचे असतात, आणि डॉक्टर ठरवणार कशावरून, सीटी तर नॉर्मल आहे. आमची फाइल तिथेच अडली. मी असं म्हणत नाही की रक्ताचा एक आकडा दाखवला आणि पैसे मिळाले, कोर्ट असं चालत नाही आणि चालूही नये, मार्कर वर असला तरी तो एकटा काही सिद्ध करत नाही. पण त्या रात्रीचा कागद, त्या रात्रीचं प्लाझ्मा, दोन आठवड्यांचं प्लाझ्मा, एमआरआय आणि स्मरणशक्तीची तपासणी हे सगळं एकत्र ठेवलं तर निदान मेडिकल बोर्डापुढे बोलायला काहीतरी असतं. आज कपाळाचे दोन टाके सोडून काही नाही, आणि तेही आता दिसत नाहीत.

जिल्हाधिकारी साहेब, धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे ऑफ-साइट इमर्जन्सी प्लॅन (कारखान्याबाहेर आपत्ती पसरली तर काय करायचं त्याचा आराखडा) तुमच्याकडे असतो, मॉक ड्रिल होतात, म्युच्युअल एडवाले (एकमेकांच्या मदतीला येणाऱ्या कंपन्यांची माणसं) फोमचे बंब घेऊन येतात, कोणाला तरी स्ट्रेचरवर झोपवून फोटो निघतात. पुढच्या ड्रिलमध्ये एक बदल करा. स्ट्रेचरवरच्या माणसासोबत चार जण चालत येऊ दे, ठणठणीत दिसणारे, आणि त्यांचं काय करायचं हे कोणाला माहीत आहे का बघा. त्यांना घरी पाठवलं तर ड्रिल नापास. बाकी प्लॅनमध्ये फक्त एक परिच्छेद वाढवायचाय, कोणी रक्त घ्यायचं, कुठे न्यायचं, किल्ली कोणाकडे.

रक्त घ्यायला हात कमी पडले तर या पट्ट्यातल्या लॅबवाल्यांना फोन करा. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, वागळे, सगळीकडे आमची माणसं आहेत, रात्री दोनलाही येतील, मी तर येईनच. ट्यूब आम्ही आणू. बर्फाचा डबा, जनरेटरवर चालणारा फ्रीजर आणि त्याच्या किल्लीचा जबाबदार माणूस एवढं तुमचं.

कळावे,
ऐरोलीतली एक लॅब टेक्निशियन